तुलनेच्या तक्त्यातला जुलै

मानांकनाचं काम एकदा गळ्यात पडलं की माणसाकडे दोन गोष्टी साठत जातात, फायली आणि किस्से. फायलींचं बरं असतं. समिती येऊन गेली की त्या कपाटात जातात आणि पुढच्या खेपेपर्यंत कपाटाची किल्ली हरवते. किस्से मात्र चहाला बसलं की आपोआप बाहेर येतात. एक सांगितला की दुसरा म्हणतो, माझं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हसायचं तिथे खुशाल हसा. पूर्वी मी पण हे सगळं हसतच सांगायची. हल्ली शेवटापर्यंत हसू टिकत नाही, एवढंच.

आमचं कॉलेज गोंदियाच्या बाहेर, धानाच्या बांध्यांना अगदी लागून. एमबीए शिकवतो आम्ही. मी स्टॅटिस्टिक्सची पटले मॅडम. खिडकीतून बघितलं तर एका बाजूला पार्किंग दिसतं आणि दुसऱ्या बाजूला चिखल.

*

आमचे डायरेक्टर साहेब नागपूरचे. सोमवारी गाडीने यायचे, शुक्रवारी जायचे. एका सोमवारी स्टाफ मीटिंगमध्ये त्यांनी विचारलं, "स्टॅटिस्टिक्स कोण शिकवतं?"

मला वाटलं टाइमटेबलचं काही असेल. मी हात वर केला.

"अभिनंदन! मानांकन सेल आजपासून तुमच्याकडे."

शेजारी बिसेन सर बसले होते. मार्केटिंग शिकवतात, तिरोड्याकडचे, घरी धान आणि तोंडाने फटकळ. ते माझ्या कानाशी म्हणाले, "मॅडम, मीटिंगमध्ये हात वर नाई कराव. मी एवढे वर्षं झाले, डोकं खाजवायलेही उचलला नाई!"

मला हसू आवरेना. साहेबांनी तिकडूनच बघितलं. "बिसेन सर पण खुशीत दिसताहेत. त्यांनाही सेलमध्ये घ्या."

तर असा आमचा सेल झाला. जागा मिळाली तुटक्या बेंचांच्या खोलीत. ऑफिसमधले मेश्राम भाऊ आमच्या मदतीला आले, कारण कॉलेजातून पास झालेल्या प्रत्येकाचं नाव, गाव आणि बापाचं नाव त्यांना तोंडपाठ होतं. कॉम्प्युटरवरच्या तक्त्यांसाठी मी माझ्या वर्गातली एक मुलगी घेतली, सरिता मडावी.

सरिता सालेकशाच्या पुढच्या एका गावची. रोज गाडीने यायची. घरी आई आणि ती, दोघीच. वडील ती शाळेत असतानाच गेलेले. त्या गावातून एमबीएला आलेली ती पहिली. डिग्री घ्यायची, गावातल्या बायकांचा गट नीट उभा करायचा आणि मोहफूल दलालाला न देता थेट कंपनीला विकायचं, असं तिचं पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. पहिल्या दिवशी वर्गात ओळख करून देताना तिने हे सांगितलं, तेव्हा मागच्या बेंचवरची पोरं हसली होती. पहिल्या परीक्षेत ती पहिली आली आणि हसणं बंद झालं.

*

मानांकनाच्या फॉर्ममध्ये एक भाग तुलनेचा असतो. आपल्यासारखी पाच कॉलेजं निवडायची, त्यांची माहिती आणि आपली माहिती शेजारी शेजारी ठेवायची आणि आपण कुठे कमी पडतो ते शोधायचं. त्या पाचांना म्हणतात पीअर ग्रुप. "आपल्यासारखी" हा शब्द फॉर्ममध्ये स्पष्ट लिहिला होता. तेवढीच विद्यार्थीसंख्या, तसाच भाग, तशाच घरांतून येणारी मुलं. मी तो परिच्छेद तीनदा वाचला होता.

आमच्याकडे ही निवड मॅनेजमेंटच्या बैठकीत झाली. बैठक कसली, सोयरीकच होती ती! आमचे अध्यक्ष सेठजी, राइस मिलवाले. त्यांनी माझ्या यादीवर नुसती नजर टाकली आणि कपाळाला हात लावला.

"अरे पटले मॅडम, रिश्ता करना है तो बडे घर में करो ना! ये आसपास के कॉलेज कायले लिहिले?"

मग सुरू झालं. एका सदस्याचा मुलगा पुण्याला शिकला होता, ते कॉलेज आलं. दुसऱ्याची सून मुंबईची, तिचं आलं. डायरेक्टर साहेब स्वतः जिथे शिकले ते नागपूरचं आलं. उरलेली दोन कोणी सुचवली ते आता आठवत नाही, पण दोन्हींच्या वेबसाइटवर स्विमिंग पूलचा फोटो होता एवढं आठवतं.

बिसेन सरांना राहवेना. "सेठजी, नांगराले जोडी लावताना बैलाजवळ बैल लावते. घोडा नाई लावत जी."

"बिसेनजी, आपला बैल घोडे के साथ चलेगा, तो दौडना सीखेगा!"

टाळ्या पडल्या. माझ्या फायलीत दुसरा कागद होता. भंडारा, गडचिरोली, बालाघाटकडची यादीतली तीच पाच कॉलेजं आमच्यासारखी कशी, ते आकड्यांसकट नीट टाइप करून आणलेलं. मी तो बाहेर काढला नाही. तेवढ्यात आलूबोंडे आले आणि सगळे तिकडे वळले.

बाहेर आल्यावर बिसेन सर म्हणाले, "तुमच्या फायलीत कागद होता ना?"

"होता."

"मंग काऊन नाई काढला?"

मी म्हटलं, बोंडा गरम होता. त्या वेळी आम्ही दोघंही खूप हसलो.

*

पीअर ग्रुप तर ठरला, पण त्या कॉलेजांनी माहिती द्यायला नको? मी पुण्याला फोन लावला. तिकडच्या बाई गोड बोलल्या.

"गोंदिया... म्हणजे छत्तीसगड ना?"

"नाही हो मॅडम, अजून महाराष्ट्रातच आहे. सकाळी येताना पाहिलं मी."

त्या हसल्या, ईमेल करा म्हणाल्या. मी ईमेल केला. त्यानंतर आजतागायत उत्तर नाही. शेवटी वेबसाइटवरून जे सापडलं ते उतरवून घेतलं.

त्याच आठवड्यात आमच्या टेबलावरचा फोन वाजला. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका लहानशा कॉलेजचे सर होते. आवाज संकोचाचा.

"मॅडम, आम्ही पण मानांकनाचं करून राहिलो. तुमचं कॉलेज आमच्या पीअर ग्रुपमध्ये घ्यावं म्हणतो. थोडी माहिती मिळाली असती..."

आणि मी काय बोलावं? मी म्हटलं, "सर, आमचा पीअर ग्रुप वेगळा आहे."

"बरं, बरं. आमची पोरं जुलैत धानाच्या रोवण्यात असतात, तुमचीही असतील असं वाटलं, म्हणून केला फोन. सॉरी मॅडम."

मेश्राम भाऊंनी विचारलं, "कोणाचा होता जी?"

"राँग नंबर," मी म्हटलं. त्या सरांचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही. नंतर नंबर शोधायचा खूप प्रयत्न केला, पण जुन्या टेबलफोनवर नंबर कुठला दिसायला!

*

प्लेसमेंटच्या रकान्याची वेगळीच गंमत. पुण्यावाल्यांच्या वेबसाइटवर पॅकेजचे आकडे एवढे मोठे की मेश्राम भाऊंनी शून्यं दोनदा मोजली. आमच्या जुन्या पोरांना फोन लावायचं काम त्यांच्याकडेच होतं. तिरोड्याच्या एका पोराला लावला. त्याने कृषी केंद्र टाकलं होतं, शिवाय भाड्याने द्यायला रोवणीचं यंत्र घेतलं होतं. आजूबाजूच्या गावांत त्याचं चांगलं नाव होतं.

फोन स्पीकरवर. भाऊंनी विचारलं, "तुमचं पॅकेज सांगा जी."

"भाऊ, मी सहा जणांले पॅकेज देऊन राहिलो! मले कोण देईल?"

फॉर्ममध्ये दोनच रकाने होते, नोकरी लागलेले आणि न लागलेले. भाऊ माझ्याकडे बघायला लागले. "मॅडम, याले कुठं टाकू? नोकरी तं नाई याले."

मी म्हटलं, "टाका मग न लागलेल्यांत."

पुढच्याच महिन्यात आमचा वार्षिक कार्यक्रम होता. प्रमुख पाहुणा कोण असेल? तोच! शाल, श्रीफळ, हार. साहेबांनी भाषण ठोकलं, "आमच्या यशस्वी विद्यार्थ्यांपैकी एक..." बिसेन सर माझ्याकडे झुकले. "मॅडम, फायलीत बेरोजगार आणि स्टेजवर हार?"

तो पोरगा भाषणानंतर मुद्दाम मला भेटायला आला, वाकून पाया पडला. "मॅडम, तुमच्या स्टॅटिस्टिक्समुळे स्टॉकचा अंदाज बरोबर येते मले." मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. फायलीतला रकाना मात्र मी बदलला नाही. बदलायला मला कुणी अडवलं नव्हतं, हेच आता टोचतं.

*

आता रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, सुट्टीचं सांगायलाच हवं. ती आमच्याकडचीच गोष्ट. दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही.

आमच्या पहिल्या प्राचार्यांनी ती सुरू केली होती. जुलैत पाऊस पडला, बांधीत चिखल झाला, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटायला आले की दहा दिवस दुसऱ्या वर्षाच्या पोरांना मोकळीक. तारीख कॅलेंडरमध्ये नाही, कारण पाऊस कॅलेंडर बघून येत नाही. पोरांचे निरोप यायचे, "मॅडम, आमच्याकडे चिखल झाला." सालेकशाकडची आधी जायची, तलावाच्या पाण्यावरची चोरखमाऱ्याकडची मागाहून. बिसेन सर एका वहीत कोण कधी गेलं, कधी आलं ते लिहायचे. बुडालेले तास रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीत भरून काढायचे. एकही तास कधी बुडीत राहिला नाही.

जुने प्राचार्य म्हणायचे, "बांधी रिकामी राहिली तर पोरगं वर्गात बसूनही बांधीतच असते. जाऊ द्या त्याले."

तर सरिताने हजेरीचा तक्ता केला. महिन्यामहिन्याच्या रेघा, पाच कॉलेजांच्या आणि एक आमची. सगळ्यांच्या रेघा सरळ चाललेल्या आणि आमची जुलैत धाडकन खाली. साहेबांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "हा खड्डा कसला?"

मी सांगितलं.

"पटले मॅडम, फॉर्ममध्ये पुढचा प्रश्न वाचलात? तुलनेतून काय शिकलात आणि काय बदल केला? तो चौकोन अजून रिकामा आहे. आयतं उत्तर मिळालं! रोवण्याची सुट्टी बंद. जुलैची हजेरी वेगळी मोजायची. ज्याची कमी, त्याला परीक्षेचा फॉर्म नाही."

ते गेल्यावर सरिता खुर्चीतच बसून होती. म्हणाली, "मॅडम, हे कॉलेजं आपल्यासारखे नाईत जी. तुम्हीच शिकवलं ना, तुलना कराची तं सारख्याशी कराव म्हणून? तिकडं जुलैत पोरं काय रोवत असतील?"

"बरोबर आहे तुझं," मी म्हटलं.

"मंग?"

मग काय! तो चौकोन मीच भरला. चांगल्या इंग्रजीत, चार ओळी, मुद्द्याला धरून. साहेबांनी वाचून "एक्सलंट" असा शेरा मारला. मला तेव्हा बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

*

पीअर ग्रुपच्या पाचही कॉलेजांत बोटाने हजेरी लावायची मशीन होती. म्हणून आमच्याकडेही आली. उद्घाटन सेठजींच्या हस्ते. नारळ फोडला, मशीनला हार घातला, सेठजींनी अंगठा ठेवला आणि मशीनमधून बाई बोलली, "कृपया पुन्हा प्रयत्न करा."

सेठजींनी पुन्हा केला. पुन्हा बाई तेच बोलली. तिसऱ्यांदा मेश्राम भाऊंनी हळूच स्वतःचा अंगठा लावला. बाई म्हणाली, "धन्यवाद!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नंतर कित्येक दिवस कॉलेजात कुणी काही विसरलं की पोरं म्हणायची, "कृपया पुन्हा प्रयत्न करा!"

मग जुलै लागला. यंदा सुट्टी नाही म्हटल्यावर कुणी घरी मजूर लावले, कुणाच्या भावाने सांभाळलं, कुणी काही, कुणी काही. सरिताच्या घरी ना भाऊ होता, ना मजूर. त्यात आईच्या गुडघ्याला सूज. रोवण्याच्या दिवसांत मजुरीला बाई मिळत नाही, प्रत्येकीची स्वतःची बांधी असते. पहिले आठ दिवस ती आलीच नाही. त्यानंतर मात्र पहाटेपासून रोवायची आणि मिळेल त्या गाडीने कॉलेजात यायची. केसांत चिखल, पण वही उघडून पहिल्या बेंचवर.

फक्त मशीनला ती दिसायची नाही. दिवसदिवस चिखलात राहून बोटांची कातडी पांढरी पडलेली, सुरकुतलेली, जागोजागी फाटलेली. ती एकेक बोट लावून बघायची. दहाही बोटं. मशीनमधली बाई तिला तेच तेच सांगायची.

मागे रांगेत पोरं हसली. सरितासुद्धा हसली. मीही त्या रांगेजवळून हसतच गेले होते. बिसेन सर तेवढे हसले नाहीत, त्यांनी खिशातून वही काढून तिचं नाव लिहून घेतलं. असे सहा दिवस लिहिले त्यांनी.

*

परीक्षेच्या फॉर्मची यादी लागली, त्यात सरिताचं नाव नव्हतं. ती सेलमध्ये आली. तिची रोजची खुर्ची रिकामी होती, पण ती बसली नाही.

"मॅडम, सहा दिवस मी आली होती. मशीननं घेतलं नाई. ते सहा धरले तं माही हजेरी भरते. फॉर्मची शेवटची तारीख परवाची आहे."

बिसेन सरांनी वही माझ्यासमोर आपटली. "हे पाहा! तारीख, तास, सगळं आहे. माही सही आहे. तुमी फक्त शिफारस लिहा, साहेबाकडून मी करून आणतो."

मी साहेबांना फोन केला. ते नागपूरला होते. म्हणाले, "मॅडम, समिती महिन्याभरात येतेय. नियम आपण तुलनेतून केला आणि पहिल्याच वर्षी वहीवर सूट द्यायची? समितीने विचारलं तर? तरी तुम्ही कोऑर्डिनेटर आहात. तुम्हाला योग्य वाटत असेल तर लिहा, मी अडवणार नाही."

ऐकलंत ना? अडवणार नाही म्हणाले. माझ्यासमोर कागद होता, पेन होतं. दोन ओळी लिहायच्या होत्या. मी सरिताला म्हटलं, "पुढच्या वर्षी परत याच सेमेस्टरला बसता येतं बेटा. एकच वर्ष जाईल. मानांकन होऊ दे, मग मी स्वतः बघते."

ती म्हणाली, "बरं मॅडम." भांडली असती तर बरं झालं असतं. जाताना दारात थांबून तिने सांगितलं, "तक्त्याची फाइल डेस्कटॉपवर ठेवली आहे. पासवर्ड मेश्राम भाऊले माहीत आहे."

बिसेन सर माझ्याशी तीन आठवडे बोलले नाहीत. चौथ्या आठवड्यात बोलले, तेही समितीच्या जेवणात श्रीखंड ठेवायचं की जिलेबी, एवढंच विचारायला.

*

समिती आली. तीन जण होते. अध्यक्ष मोठे विद्वान. त्यांना आमचा तुलनेचा भाग फार आवडला. सगळ्यांसमोर म्हणाले, माहिती सगळेच गोळा करतात, पण माहितीवरून निर्णय घेणारं कॉलेज विरळा. यंदाच्या जुलैची रेघ पाचांच्या रेघांना जवळजवळ टेकली होती. साहेबांची छाती फुगली. सेठजी माझ्याकडे बघून म्हणाले, "देखा? बैल दौडा की नहीं!"

समितीत एक म्हातारे प्राध्यापक होते, कमी बोलणारे. चहाच्या वेळी कप घेऊन माझ्याजवळ आले. त्यांनी तक्त्याचा कागद आणला होता.

"मॅडम, ये लाइन ऊपर कैसे आई? बच्चे ज्यादा आने लगे, या जो नहीं आ पाए उनका नाम गिनती से निकल गया?"

सरिताचं नाव ऑक्टोबरमध्ये पटावरून कमी झालं होतं. तक्ता नोव्हेंबरमध्ये पुन्हा काढला, चालू यादीवरून. एकाच मुलीच्या नावाने रेघ फार हलत नाही, पण प्रश्न अगदी नेमका होता. पंचवीस वर्षं मी वर्गात हेच शिकवत आले की गळालेली माणसं मोजली नाहीत तर सरासरी खोटं बोलते. माझ्या पोरांना या प्रश्नाचे पाच मार्क असतात.

मी म्हटलं, "सब आ रहे हैं सर."

त्यांनी मान हलवली, कागदाची घडी केली आणि जिलेबी घ्यायला गेले. बिसेन सर पलीकडेच उभे होते, त्यांनी ऐकलं. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात मला पुष्कळ लोक पुष्कळ बोलले असतील, पण ते पाहणं मी विसरणार नाही.

ग्रेड चांगली मिळाली. गेटवर बॅनर लागला. त्यावर माझा पण फोटो आहे, उजवीकडून तिसरा.

*

मानांकनाचा निकाल लागल्याच्या दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. पुढच्या वर्षी पुन्हा प्रवेश घ्यायचा अर्ज भरून घेतला, शिफारस लिहिली, या वेळी चांगली पानभर, आणि सालेकशाची गाडी धरली. सरिताचा फोन बंद होता. बिसेन सरांना सांगितलं नाही, पण स्टेशनवर बघते तर ते आधीच उभे! "मेश्राम भाऊनं सांगतलं," म्हणाले. पूर्ण रस्ता आम्ही दोघं खिडकीबाहेर बघत बसलो.

गावात पोचलो तेव्हा धान कापून झालं होतं आणि खळ्यावर चुरणा, म्हणजे मळणी, चालू होता. सरिता पेंढ्या उचलत होती. आम्हाला पाहून थबकली. पदर सारखा करत तिची आई पुढे आली, थोडी लंगडत. कोण म्हणून विचारलं, तेव्हा बिसेन सरांनी सांगितलं, "कॉलेजच्या मॅडम आहेत, पटले मॅडम."

बाईचा चेहरा असा काही फुलला! हातातलं सगळं टाकून तिने खाट ओढली, वर गोधडी घातली, मला दोन्ही हातांनी धरून बसवलं. पाणी आणलं. सरिता हलली नाही, तिथेच पेंढी धरून उभी.

मी अर्जासाठी पर्समध्ये हात घातला, तेवढ्यात आईच बोलायला लागली.

"तुमचे लई उपकार झाले जी मॅडम बाई. माहा गुडघा असा सुजला होता का उभं राहता येत नोयतं. पोरगी होती म्हून रोवणा झाला, नाई तं बांधी पडीत राहिली असती औंदा. मी तिले म्हणो, जा वो बाई, तुहा कॉलेज बुडते. तं म्हणे, आई, कॉलेजनंच सुट्टी देली, रोवण्याची. मॅडम म्हणे, आरामानं ये, काई घाई नाई."

बिसेन सर उठून खळ्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून.

"किती लंबी सुट्टी देली जी तुमी! रोवणा झाला, निंदण झालं, कापणी झाली, आता चुरणाही होऊन राहिला. मी रोज विचारतो, अजून नाई संपली का वो तुही सुट्टी? तं हासते." तिने माझा हात दाबला. "दुसऱ्या कॉलेजांत नाई देत म्हणे असी सुट्टी. हे सांगत होती, मोठमोठ्या पाच कॉलेजांसंगं लावून पाह्यलं म्हणे तुमी. आपल्यावानी एकही नाई निघालं म्हणे. खरं हाय का जी?"

मी सरिताकडे पाहिलं. तिने मान खाली घातली होती.

मी म्हटलं, "हो."